मेंढपाळ वर, मेंढरं खाली

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं आपली आई म्हणायची. व्याही परवडला रे, सख्खा भाऊ नको. माझा पत्ता तू त्या पोरांना कुणाला विचारून दिलास? आमच्या दोन खोल्या, खाली मोच्याचं दुकान, त्यात मुलगा, सून आणि मी. आता छत्रीच्या जागी कुदळी आहेत, पलंगाखाली खिळ्यांचे बूट आहेत, आणि आज सकाळी न्हाणीत गेले तर नळापासून खिडकीपर्यंत ओले दोर वाळत घातलेले. गळ्यात एक अडकलाच. फासावर जायचं माझं वय राहिलं नाही म्हणून वाचले म्हणायचं.

असो. चिरंजीव धाकट्यास आक्काचा सलाम आणि आशीर्वाद. (मंडळीचा पाळक झालास तरी मला तू चिरंजीवच. तुझं नाक मी पुसलेलं आहे.) तुझा खोकला कसा आहे? उपदेश आखूड कर, खोकला आपोआप जाईल, हे मागच्या पत्रातही लिहिलं होतं. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं तेल लाव आणि दर प्रार्थनेला टेकत बसू नकोस, देवाला बसलेल्या माणसाचंही ऐकू येतं. आम्ही सगळे सुखरूप. मुलगा लोकांच्या घरचे बंब दुरुस्त करत हिंडतो, सून इस्पितळात नर्स आहे ते तुला ठाऊकच आहे. माझे दात गेले, जीभ शाबूत आहे.

तुझ्या पत्रात माझ्या तब्येतीची चौकशी एका ओळीत उरकलीस आणि बाकी सगळं पान एकाच प्रश्नानं भरलंस: 'माझ्या नातवानं शिखरावर उपदेश केला का?' कळतं मला. आपले बाबा पाळक, तू पाळक, तुझा मुलगा टायर विकायला गेला, आता सगळी भिस्त या पोरावर. सेमिनरीत त्याची जागा धरून ठेवली आहेस, तुझा झगा त्याच्या मापाने आखूडही करून घेतलास म्हणे. तेव्हा उत्तर देते. पण माझ्या पद्धतीने देते, सुरुवातीपासून. मधलं गाळून शेवट वाचशील तर माझ्याशी गाठ आहे.

तुमच्या मंडळीने ही पाच पोरं धाडली ती दुहेरी सेवेला. परदेशात जायचं, डोंगर चढायचे, आणि चढता चढता लोकांना सुवार्ता सांगायची. म्हणजे दम लागलेला असताना बोलायचं. ही अक्कल कुणाची? त्यांच्या म्होरक्याच्या गळ्यात शिट्टी असते, म्हणून मी त्याला शिट्टीच म्हणते. जेवायची वेळ झाली, फुंकली. प्रार्थना झाली, फुंकली. सून रात्रपाळी करून दिवसा झोपते. तिने एकदा पलंगावरून उठून ती शिट्टी काढून घेतली आणि पिठाच्या डब्यात पुरली. (पोळ्यांतून शिट्टीचा आवाज येईल की काय, अशी मला धास्ती होती.) दुसरी एक मुलगी आहे, प्रथमोपचार शिकून आलेली, तिला मी पट्टीवाली म्हणते. तिच्यासमोर शिंकायची सोय नाही, लगेच कुठेतरी पट्टी बांधते. बाकीचे दोघे भाऊ आहेत, ते गातात आणि खातात, त्यांच्याबद्दल तक्रार इतकीच की गाणं थांबतं. आणि पाचवा तुझा नातू. तो बोलत नाही. आला त्या दिवशी माझ्या पाया पडला, कोपऱ्यात बसला आणि माझ्या मोडक्या खुर्चीचा पाय बसवून दिला. मी म्हटलं, हा आपल्या घराण्यातला वाटत नाही.

तर सेवा सुरू झाली. पहिल्यांदा बाजारात उभी राहून सांगू लागली. इथल्या भाषेतली चार वाक्यं घोटून आलेली, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. बाजारातल्या माणसाला वेळ कुठे असतो? मान हलवून निघून जायची. मग शिट्टीच्या डोक्यात आलं की डोंगरावर माणूस दोराला बांधलेला असतो, तो कुठे जाईल? म्हणून फुकट डोंगर दाखवतो सांगून आमच्या खालच्या मोच्याला दोराला बांधून नेला. झालं उलटंच. मोच्यानेच पायथ्यापासून माथ्यापर्यंत यांना आपली साक्ष सांगितली: त्याची पाठ, त्याची सासू, आणि लोक टाचा कशा झिजवतात. दोराला तेही बांधलेलेच ना! संध्याकाळी पाचही जण खाली आले ते त्याच्याकडून बुटात नवे तळवे घालून घेऊनच.

आता त्या दिवसाचं सांगते. शिट्टीने माथ्यावरून दुर्बीण लावून पाहिलं तर खालच्या कड्यावर, एका अरुंद टप्प्यावर एक माणूस दोन्ही हात वर करून उभा. झालं! अडकलेला जीव! देवानेच दाखवला! प्रार्थना झाली, दोर सुटले, आणि खाली कोण जाणार म्हटल्यावर तुझा नातू गेला. हे नीट वाच: बाकीचे एकमेकांना पुढे ढकलत होते आणि तो मुलगा जिना उतरावा तसा कडा उतरला. खाली जाऊन बघतो तर मेंढपाळ. हात वर केले होते ते आळस द्यायला. मागे बैलगाडी जाईल एवढी पायवाट, खाली कुरणात त्याची मेंढरं, मांडीवर भाकरी. रोज तिथेच जेवतो तो. त्याने नातवालाही अर्धी दिली. नातवानेही बसून खाल्ली, आणि मी म्हणते शहाणपणाचं केलं.

पण पुढे काय झालं? मेंढपाळाला तो दोर आवडला. ही गाठ कशी मारता रे, अशी खूण केली. नातवाने स्वतःची सोडून त्याच्या कमरेला बांधून दाखवली. म्हाताऱ्याने गाठ पक्की आहे का बघायला दोराला दोन हिसके दिले. आणि दोन हिसके म्हणजे 'ओढा' अशी या लोकांची खूण! वरच्या चौघांनी गाणं म्हणत जो ओढला, तो विहिरीतून बादली यावी तसा तो वर. मध्ये कपारीला पाय आपटून घोटा मोडला. वर पोचल्यावर तो रडतोय, ओरडतोय, हात खाली करून मेंढरं दाखवतोय. आणि ही मंडळी गुडघे टेकून म्हणतायत, बघा, कसा पश्चात्ताप झाला! पट्टीवालीने दोन्ही पाय बांधले. चांगला पाय जास्त घट्ट.

शास्त्रात काय लिहिलंय रे पाळकसाहेब? एक मेंढरू हरवलं तर मेंढपाळ शोधत जातो. बाबा रडत रडत वाचायचे तो भाग. तुझ्या पोरांनी मेंढपाळ उचलला आणि मेंढरं सगळी हरवली. काही दफनभूमीत शिरली आणि ताजी फुलं खाऊन आली. काही शाळेत. एक मेंढी औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती आणि तिच्या मागच्या बाईने स्वतःचा नंबर जाऊ नये म्हणून तिला हाकललं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या मेंढ्यांशिवाय त्या माणसाला कुणी नाही आणि काही नाही. हिवाळा दाराशी आलाय, कळप वरून उतरवायचाय, आणि हा पाय प्लास्टरमध्ये घालून माझ्या मुलाच्या पलंगावर पडलाय. मुलगा स्वयंपाकघरात झोपतो. मला इथली भाषा भांडण्यापुरती येते, तेवढीच त्याच्यासाठी लागते. ("चहात साखर कमी." "मग उठून घ्या." असं आमचं चालतं.)

मेंढरं गोळा केली तुझ्या नातवाने. कुणी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लोगल्ली फिरून एकेक आणलं. तेव्हापासून पहाटे जातो, अंधार पडता येतो. आणि ऐक, तिथे तो बोलतो! एकदा मुलाच्या गाडीतून मी कुरणात गेले तर हा मेंढरांशी गप्पा मारतोय, आणि मराठीत. एका मेंढीला तर चक्क वहिनीच्या सुरात रागावत होता. ती ऐकतही होती.

आता तुझं उत्तर. होय, केला उपदेश. मागच्या रविवारी. शिखराखालच्या पठारापर्यंत रस्ता आहे, तिथे सभा ठेवली. अर्धा गाव आला होता, आज कुणाला ओढणार ते बघायला. मेंढपाळालाही खुर्चीत घालून आणला. तू लिहून पाठवलेला उपदेश हातात घेऊन नातू उभा राहिला. दोराला लोंबकळताना ज्याचा चेहरा हलला नव्हता तो पांढराफटक पडला. मला बाबांचा राग आला, तुझा आला, आणि थोडा देवाचाही. मग त्याने कागद खिशात घातला, मेंढपाळाकडे बघितलं आणि मोडक्या भाषेत म्हणाला, "आम्ही तुम्हाला न विचारता उचललं. चूक आमची. पाय बरा होईपर्यंत मेंढरं मी बघतो." आणि बसला. संपला उपदेश. शिट्टीने सवयीने पिठातून परत मिळवलेली शिट्टी फुंकली. मोच्या पहिल्या रांगेत नाक शिंकरत होता. मेंढपाळ म्हणाला, "काळ्या मेंढीला पालापाचोळा देऊ नकोस, पोट फुगतं." आमच्या घरात तीन पिढ्यांचे उपदेश मी ऐकले रे. शेवटपर्यंत जागी राहिले तो हा पहिलाच.

तेव्हा या पोरांना ताबडतोब परत बोलाव. दोरांसकट. सगळ्यांना यथायोग्य सलाम, लहानांना गालगुच्चा.

तुझी आक्का

ता. क. – ताबडतोब नको. शिट्टीला बंब उतरवायला मुलाने बरोबर नेलाय, चांगलं काम करतो, हात भरलेले असले की फुंकता येत नाही. पट्टीवालीला सुनेने इस्पितळात लावून घेतलंय. गाणारे दोघे राहू देत. घरात कुणीतरी मराठीत गातंय, तर गाऊ दे.

ता. क. दुसरा – नातवाला परत यायचं नाही. सेमिनरीत जायचं नाही. मेंढपाळ म्हातारा झालाय, पाय बरा झाला तरी कडा चढायचा नाही. तो म्हणतो, हा राहिला तर कळप याच्या हवाली करतो. पोराची छाती फुलली ते ऐकून, आणि तुझं नाव निघताच लगेच खाली बसली. तू नको म्हणालास तर तो निमूट येईल, झगा घालेल आणि दर रविवारी पांढराफटक पडत म्हातारा होईल. तुला सांगायची त्याची हिंमत नाही, म्हणून एवढं पत्र मला लिहावं लागलं. त्याला राहू दे. आणि राहा म्हणताना आशीर्वाद दे, नुसती परवानगी नको, तो फरक त्याला कळतो.

ता. क. तिसरा – उत्तर तू लिहायचं नाहीस. तू 'प्रार्थना करून कळवतो' लिहिशील आणि पुढे आठ पानं वचनं. उत्तर वहिनीने लिहायचं. इतकी वर्षं पहिल्या बाकावर बसून तिने तुला ऐकलंय, पोराला कशातून सोडवायचं ते तिला बरोबर ठाऊक आहे. एक शब्द लिहिला तरी पुरे. तू फक्त तिकीट लाव.