अकलूजला एकटीने, एका चार्जात

४ मे, रविवार
अकलूजला जाऊन आलो, महेश आणि मी. जावई आले म्हणून आई दिवसभर शेगडीपाशी. पोळ्या, आमरस, त्यांना आवडते म्हणून ताजी शेंगाचटणी. माझ्याशी बोलली ती निघताना, गाडीच्या दारात. "वाळलीस का गं?" मी उत्तर देईपर्यंत महेशने गाडी सुरू केली.
येताना टेंभुर्णीच्या ढाब्यावर चार्जिंगसाठी ताटकळलो. तिथं एकटीने बसणं मला जमणार नाही. आईकडे गाडी चार्जिंगला लावली तर फ्यूज उडतो.
म्हणजे जाऊन-येऊन एका चार्जात झालं, तरच मी एकटी जाणार. आणि एकटी गेले, तरच आई मला भेटणार.

६ मे
अक्कलकोट रोडला सराव. वेग सावकाश वाढवायचा. पुढचा सिग्नल दिसला की आधीच पाय उचलायचा, गाडी मंदावताना थोडी वीज परत बॅटरीत येते. कारखान्यांची पाळी सुटली होती. ऋचा शेजारी बसून, "आई, सायकलवाले काका पुढं गेले."
जाऊ देत म्हटलं.
"मागं वळून बघतायत गं."

९ मे
टायरमध्ये हवा बरीच कमी निघाली. त्यानेच गाडी बॅटरी खात होती. डिकी उपसली. महेशचे टॉवेलचे नमुने, छत्र्या, सत्यनारायणाचा पाट! हा कधीपासून आमच्याबरोबर फिरतोय कोण जाणे.
"माझ्याशिवाय जायची एवढी तयारी?" महेश हसत म्हणाला. कारण सांगितलं नाही. तो चांगला आहे, आणि आईच्या हातचं खूप मनापासून खातो. कसं सांगू?

११ मे, रविवार
गेले! प्लग काढायच्या आधीच एसी लावून गाडी गार करून घेतली, मग वाटेत अगदी मंद. साठ-पासष्टच्या पुढे नाही. ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन थकले. अकलूजला पोचले तेव्हा अठ्ठावन्न टक्के.
आई दारात. "जावईबापू कुटं हायत?"
"नाही आले."
"मग सैपाक?" एवढंच म्हणाली आणि पायरीवरच बसली. मीही बसले. मग शेंगा फोडत दुपार गेली. संध्याकाळी एकटीसाठी काही करत नाही म्हणाली, दूध-भाकरी खाते. आप्पा गेले, तरी त्यांच्या खुर्चीवर अजून कुणाला बसू देत नाही. हे सगळं मला ठाऊक नव्हतं.
निघताना डिकीत ज्वारीचं पोतं. शेजारच्या भामाकाकू आणि ती, दोघींनी उचलून ठेवलेलं. वजनाने बॅटरी लवकर संपते म्हटलं.
"गाडी हाय का कोंबडी? एवढ्यानं दमती व्हय?" भामाकाकू.
आई म्हणाली, "लेकीची गाडी रिकामी कशी धाडू?"
पोतं राहिलं.
परतीला समोरून वारा. मोहोळच्या पुढे एसी बंद, घामाने साडी चिंब. शेवटी समोरच्या पडद्यावर कासवाचं चित्र लागलं, म्हणजे बॅटरी संपत आली. घरी तीन टक्के. महेश पोत्याकडे बघून, "सोलापुरात ज्वारी मिळत नाही, नाही का?" मग स्वतःच खांद्यावर घेऊन आत नेलं.

१४ मे
ऋचाने आजीला फोनवर कासवाचं सांगितलं. रंगवून. आईने मग मला फोनवर बोलावलं. "आता काय देत न्हाय. रिकामी जात जा." आवाज लहान झालेला. दिवसभर तोच कानात. पोत्यासकट तीन टक्के उरले होते, उरले होते ना? आणखी हळू चालवीन. पण आता ती ऐकायची नाही.

१७ मे, शनिवार
संध्याकाळी आईचा फोन.
"वैशे, तुजी गाडी टेंभुर्णीपातुर येऊन मागारी जाती का?"
आरामात, म्हटलं.
"मग उद्या मी एश्टीनं येती टेंभुर्णीला. तितं बसू कुटंतरी. पिशवी एकच आणीन, हलकी."
आई, ऊन केवढं आहे, तुझे गुडघे...
"घरी आलीस की माजा जीव सैपाकात. तितं चूल न्हाय, काय न्हाय. बोलता तरी येईल की." मग हळूच, "जावईबापूंना सांगू नको."
कुठल्या गाडीने येशील विचारलं. मिळंल त्या, म्हणाली आणि ठेवून दिला. परत लावला तर उचलत नाही. मी थांबवीन हे तिला माहीत आहे.
महेशने विचारलं, उद्या कुठे? काहीतरी बोलले.
गाडी चार्जिंगला लावून आले.