सरपंचाचा घास

६ जानेवारी, निघोजे

पोचले एकदाची. भोसरीला एसटीतून उतरले तेव्हा वाटलं होतं, या कारखान्यांच्या धुरात आपला निभाव कसा लागणार. पण निघोज्यात शिरल्यावर नाकाला पहिला आला तो शेणाचा वास, आणि मला हसूच आलं. एका बाजूला कंपनीची निळ्या पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला शालनबाईंचा म्हशींचा गोठा, आणि मधे आमचं घर. लगेच ‘आमचं’ लिहिलं बघ! घर जयसिंगराव आणि प्रभावतीताईंचं. मी सोबतीला आले आहे. स्वयंपाक करायचा, ताईंना औषधं द्यायची, त्यांना एकटं पडू द्यायचं नाही. जयसिंगराव चाकणच्या कंपनीत फोरमन आहेत, रिटायर व्हायला थोडेच महिने उरलेत. त्यांचा एकुलता एक प्रितम दिवाळीच्या तोंडावर कामावरून परतताना मोटारसायकलसकट कंटेनरखाली गेला.

ताई मला विजू म्हणायला लागल्यासुद्धा. त्यांची बोली औशाची, माझी बार्शीची, मीठ-भाकरीसारखं जमून गेलं. माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. माझ्या लेकीचा, साक्षीचा फोटो भिंतीवर लावला नाही. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय तसाच राहू दिला. या घरात आधीच एक हार घातलेला फोटो आहे.

८ जानेवारी

आज प्रितमच्या खोलीत गेले. बाहेर दुपारचं ऊन आणि आत एसीचा गारठा. हा एसी माणसासाठी नाही, काचेच्या टाकीत राहणाऱ्या एका प्राण्यासाठी आहे! सॅलमँडरची काही जात आहे म्हणे, प्रितमने पिंपरीच्या दुकानातून आणलेला. पाण्यात राहणारी गुलाबी पाल म्हटलं तर चालेल. मानेभोवती तांबूस तुरे, बाहुलीसारखे पंजे, डोळ्यांना पापण्या नाहीत आणि तोंड कायम हसल्यासारखं. नाव सरपंच. प्रितमनेच ठेवलं, कारण हा बसल्या जागचा हलत नाही, सगळ्यांकडे बघून हसतो आणि मनात आलं तरच खातो.

त्याला भरवायचं काम आता माझं. शालनबाई शेणखताच्या ढिगातली गांडुळं डब्यात घालून आणून देतात. आज डबा देताना म्हणाल्या, हितं मान्साला पंखा न्हाई आन् पालीला एसी, देवा, फुडल्या जल्मी मला ह्या घरातली पाल कर. ताईसुद्धा हसल्या. मग त्यांनी मला शिकवलं. गांडूळ धुवायचं, तुकडा करायचा, चिमट्यात धरून त्याच्या नाकापुढे हळूच हलवायचा. सरपंचांनी तो तोंडात घेतला, नव्या सुनेची आमटी चाखणाऱ्या सासूसारखा क्षणभर विचार केला आणि फुर्रकन बाहेर टाकला.

प्रितमच्या हातून खायचा, ताई म्हणाल्या. तो गेल्यापासून असंच.

१५ जानेवारी

लाल अळ्या झाल्या. दुकानातल्या गोळ्या झाल्या. कोळंबी बारीक चिरून झाली. शेपटीकडे तो सुकत चाललाय. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पाणी बदला, दिवा मंद ठेवा, वाट बघा. ताई काचेसमोर स्टूल टाकून बसतात. म्हणाल्या, विजू, प्रितमनं हात लावलेलं जितं असं एवढंच राहिलंय बघ. हे गेलं तर माझं लेकरू दुसऱ्यांदा जाईल.

त्यांचा हात धरून बसले.

१९ जानेवारी

दुपारी गहू निवडताना ताईंनी दहाव्याचं सांगितलं. इंद्रायणीच्या घाटावर पिंड मांडला, पण कावळा शिवेना. जमलेले लोक हात जोडून प्रितमला सांगत होते, आईला सांभाळू, बापाला सांभाळू, तुझं काय राहिलं असेल ते करू. कावळे झाडावर होते, पण खाली येईनात. कंपनीतले मित्र घड्याळं बघायला लागले, त्यांना सेकंड शिफ्ट गाठायची होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. सगळे पांगले. ताई म्हणाल्या, माझ्या लेकराला काय पाहिजे होतं ते कुणी थांबून विचारलंच नाही.

मी सूप घेऊन उठले. माझ्या साक्षीला तर दर्भाचा कावळाही मिळाला नाही. कोविडचा तो एप्रिल. पांढऱ्या झग्यातली माणसं आली, नंतर एका पिशवीत राख मिळाली, घाट बंद होता. तिचे वडील भावाकडे राहायला गेले ते गेलेच. दवाखान्यातून तिचा शेवटचा फोन आला तेव्हा ती काय म्हणाली, ते मी इथेही लिहिणार नाही.

२१ जानेवारी

आज आगाऊपणा केला. ताई अंघोळीला गेल्या होत्या. चिमट्यात तुकडा होता आणि सरपंच तोंड फिरवून बसलेला. माझ्या तोंडून घाटावर बोलतात तसंच निघून गेलं की, प्रितम, बाळा, तुझ्या आईला मी उपाशी राहू देणार नाही, काळजी करू नकोस, घास घे.

आणि त्याने घेतला! गपकन. थुंकला नाही. मान वर करून अजून मागितला.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या ओल्या केसांनी तशाच धावत आल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून पोटभर रडलो आणि मग मी शिरा केला. आज हे घर मला माझं वाटलं.

२९ जानेवारी

कालचं वचन आज चालत नाही. तेच शब्द बोललं की तो घास बाहेर टाकतो. रोज नवीन काहीतरी द्यावं लागतं.

ताईंनी कबूल केलं की त्याची गाडी भंगारात जाणार नाही. खाल्लं. जयसिंगरावांना पोलीस ठाण्यातून ती चेपलेली मोटारसायकल टेंपोत घालून आणावी लागली. ती आता पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. मग ताईंनी कबूल केलं की त्याच्या पलंगावर कुणी झोपणार नाही. खाल्लं. पाहुणी आलेली नणंद हॉलमध्ये सतरंजीवर झोपली आणि सकाळी चहा न घेताच निघून गेली.

पण ताई गुणगुणायला लागल्यात. सरपंचाचे तुरे लालभडक झालेत. मी एक मात्र ठरवलंय. त्या खोलीत साक्षीचं नाव घ्यायचं नाही. का ते सांगता येत नाही.

११ फेब्रुवारी

रिटायर झाल्यावर घर विकून औशाला जायचं, हा जयसिंगरावांचा जुना बेत. आज गिऱ्हाईक बघायला आलं होतं. ते गेल्यावर ताई आत गेल्या आणि सरपंचाला म्हणाल्या, हे घर सोडून आम्ही कधीच जाणार नाही. त्याने तीन घास एकापाठोपाठ घेतले.

जयसिंगराव दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते आवाज कधी चढवत नाहीत, आजही चढवला नाही. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले की, हे तुम्ही शिकवलंत ना? आता तुम्हीच सोडवा.

२० फेब्रुवारी

परवा ताईंनी मला न विचारता वचन दिलं. तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही.

त्या दिवशी त्याने खाल्लं. त्यानंतर खाल्लेलं नाही. ताईही जेवत नाहीत. पाण्याच्या घोटावर आहेत. मी वरण-भात कालवून मागे फिरते, लहान मुलासारखा घास पुढे करते, तर तोंड फिरवतात. अगदी त्याच्यासारखं फिरवतात.

पहिलं वचन माझं होतं. त्यांना उपाशी राहू देणार नाही म्हणून. आज काचेपुढे जाऊन तेच सांगितलं, की बाबा रे, माझा शब्द मोडतोय, तिला जेवू दे. तो माझ्याकडे बघत राहिला. पापण्या नाहीत हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. हा कधीच नजर काढत नाही, हे आज कळलं.

२५ फेब्रुवारी

चूक कुठे झाली ते समजलं. भाकरी थापता थापता समजलं आणि हात तसाच राहिला.

कावळा घास घेतो आणि उडून जातो. जाणाऱ्याचं काही राहिलं असेल ते घेऊन जातो. म्हणून एकदाच बोलायचं असतं.

हा कुठेही जात नाही. याला पुन्हा भूक लागते.

मग आपण ज्याच्याशी बोलतोय तो प्रितम आहे का? आणि प्रितम नसेल तर—

शालनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई, हिरीत टाक त्याला, लेक असा आईला खात न्हाई.

२८ फेब्रुवारी

टाकी उचलायला गेले. ताई आडव्या आल्या. अंगात बळ नाही, तरी मला ढकललं. म्हणाल्या, तुझी लेक असती तर टाकली असतीस का?

पेटीतला फोटो त्यांनी कधी पाहिला कोण जाणे.

तो दहा दिवस काही खात नाही, तरी वाळत नाही. वाळतात त्या ताई.

४ मार्च

ताई ओठ काचेला लावून बोलत होत्या. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं. एकटं ठेवणार नाही. येते.

त्याने खाल्लं.

मग त्या बाहेर आल्या, भाकरी मागितली, पिठल्याशी अख्खी खाल्ली. तोंडावर रंग आला. म्हणाल्या, विजू, तुझ्या हाताला आईची चव आहे.

मला आनंद झाला. देवा, मला आनंद झाला.

६ मार्च

गुरुवार. इकडे गुरुवारी लाइट जाते. एसी बंद, पाणी तापायला लागलं. ताई म्हणाल्या बर्फ आण. मी चाकणला गेले. ट्रॅफिक होतं. कंटेनर एकाला एक लागून उभे होते—

ताई स्टुलावर होत्या. हात टाकीत, कोपरापर्यंत. मान काचेला टेकलेली. तो त्यांच्या तळहातावर बसलेला.

बर्फ माझ्या पिशवीतच वितळला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. अशक्तपणा होताच. हात इतका गार कसा, ते मात्र त्यांनाही—

१५ मार्च

ताईंचं दहावं. तोच घाट. पिंड ठेवून गुरुजी उठलेसुद्धा नव्हते, कावळा खाली आला. कुणाला हात जोडायलाही वेळ मिळाला नाही.

शालनबाई म्हणाल्या, भाग्याची बाई, कायबी अडकलं न्हाई तिचं.

जयसिंगराव तोंडावर टॉवेल धरून पायरीवर बसले ते उठेचनात.

काही अडकलं नाही. सगळं तो आधीच खाऊन बसला होता.

१७ मार्च

जयसिंगराव औशाला गेले, तेरावं गावीच करणार आहेत. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. दुकानवाला रविवारी येऊन त्याला घेऊन जाईल, तोवर थांबा म्हणाले. खायला घालू नका म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यापेक्षा फार मोठे नाहीत. बाप ठेवतो तसा ठेवला.

घरात मी आणि तो.

१८ मार्च

खोलीत गेले नाही. दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात बसले तरी एसीचा आवाज येतो. त्यात मधे मधे काचेवर टकटक. त्याला नखं नाहीत.

१९ मार्च

उपाशी जीव किती वेळ बघायचा. गेले. गांडूळ धुतलं. चिमट्यात धरलं.

प्रितमच्या नावाने, नाही. ताईंच्या नावाने, नाही. ती दोघं संपली त्याला.

तोंड फिरवलं नाही आज. घासाकडे बघतच नाही. माझ्याकडे बघतो. पेटी ज्या भिंतीपलीकडे आहे तिकडे बघतो. परत माझ्याकडे.

नाही. ते नाव नाही. दार लावलं.

२० मार्च

गुरुवार. लाइट गेली. पाणी कोमट होईल. शालनबाईंकडे बर्फ मागायला निघाले होते, उंबऱ्यापर्यंत गेले—

परत आले. नाव घेतलं.

साक्षी.

तळातून उठून काचेपर्यंत आला. तोंड उघडलं. इतकं मोठं उघडताना कधी पाहिलं नव्हतं.

मला सगळं माहीत आहे. हा कोण नाही ते माहीत आहे. ताईंचं काय झालं ते माहीत आहे. तरीही चार वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव घेतल्यावर कुणीतरी वळून बघितलं.

फोटो आणून काचेला टेकवलाय. एकोणीस वर्षांची. दवाखान्यातून शेवटचा फोन केला तेव्हा म्हणाली होती, आई, इथे खूप गार आहे गं, तू कधी येतेस. मी म्हटलं, सोडत नाहीत बाळा.

आज अडवायला कुणी नाही.

चिमटा नको. हाताने भरवते, लहानपणी भरवायचे तशी. उजवा हात पाण्यात आहे, म्हणून अक्षर असं. लाइट नाही, तरी पाणी गार. किती गार—

शेवग्याची शेंग थुंकायचीस. माझ्या हातचा शेवटचा घास मात्र कधी सोडला नाहीस. घे बाळा. घास घे. आई