सील्ड बॅटरीतलं पाणी

बाबा, काल तुमच्या विजेवरच्या स्कूटरचं पोट उघडलं. तुम्ही गेल्यापासून ती मुलुंडच्या आपल्या सोसायटीत जिन्याखाली निळं प्लास्टिक पांघरून उभी होती आणि येणारा-जाणारा तिच्यावर छत्री वाळत घालत होता. तुम्ही असतात तर चारचौघांत भांडला असतात. मी कधी काही बोलले नाही. कुणाला तरी तिचा तेवढा उपयोग होतोय याचं मला बरंच वाटायचं. पण आता ती चालू व्हायलाच हवी होती. आईचे गुडघे तिला बाजारापर्यंत चालू देत नाहीत, जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाले मान हलवून पुढे जातात, आणि दादाने मला फोनवर स्पष्ट सांगितलंय की दिवाळीपर्यंत आईच्या येण्याजाण्याची सोय झाली नाही, तर तो हे घर विकायला काढणार आणि तिला ठाण्याला आपल्या टॉवरमध्ये घेऊन जाणार. आईला तिथे मुळीच जायचं नाही. म्हणून मी ठरवलं, जुन्या चार बॅटऱ्या काढायच्या आणि लिथियमची एक बसवायची.

तुम्ही स्कूटर आणलीत तो दिवस मला आठवतो. तुम्ही खालूनच हाका मारता आहात, सगळ्या खिडक्यांतून माणसं डोकावताहेत आणि तुम्ही हात वर करून जाहीर करता आहात, "हिच्यासाठी घेतली! लायसन्स लागत नाही, पेट्रोल लागत नाही, बायकांना एकदम सोपी!" आई पदराला हात पुसत खाली आली. किल्ली तुम्ही स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलीत आणि ती तिथेच राहिली. लहानपणी गावी सायकलवरून शाळेत जाणाऱ्या माझ्या आईला तुम्ही मागे बसवलंत. बाबा, तुम्ही कचेरीत आवक-जावकचे कागद सांभाळायचात. घरातला उडालेला फ्यूज बांधता येतो, एवढ्या भांडवलावर तुम्ही स्वतःला इंजिनिअर समजायचात. तुमची सगळी विद्या म्हणजे लाल इन्सुलेशन टेप. रिमोट, चष्मा, मिक्सरचं झाकण, माझी कंपासपेटी, काहीही मोडलं की ती गुंडाळायची आणि वर म्हणायचं, "कंपनीने केलं नसतं इतकं पक्कं झालं." दोन दिवसांनी ते पुन्हा सुटलेलं असायचं आणि त्याला आम्हीच जबाबदार असायचो.

स्कूटर वर्षभरही नीट चालली नाही. सपाट रस्त्यावरही ती दमायला लागली आणि एक दिवस बंदच पडली. त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर तुमचं एकच पालुपद: "हिने रात्रभर चार्जर लावून ठेवला. बॅटऱ्या शिजवल्या! हिच्या हाती वरण द्यावं, वीज देऊ नये." पाहुणे हसायचे. आई पोह्यांच्या बश्या पुढे करायची. शेवटच्या आजारपणात सलाइन लावायला आलेल्या नर्सलाही तुम्ही ते ऐकवलंत, आणि ती बिचारी कामाच्या गडबडीत हसली.

काल घाटकोपरहून मेकॅनिक आला. माणूस तुमच्याच पठडीतला, येत नाही असं जगात काहीच नाही. "टेन्शन घेऊ नका मॅडम, झकास करून देतो," म्हणत त्याने पायाखालचा पत्रा उघडला. अ‍ॅसिड सांडून आतलं लोखंड कुरतडलं गेलं होतं. चारही बॅटऱ्यांच्या डोक्यावर लाल टेप.

"मॅडम, ही सील्ड बॅटरी आहे. हिला पाणी घालायचंच नसतं. कोणीतरी स्क्रूड्रायव्हरने झाकणं उचकटून गळ्यापर्यंत पाणी भरलंय. पूर्ण वाट लावली ना!"

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं.

"इंजिनिअर होते काय?"

"समजायचे."

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालताना तुम्ही कुणाला तरी पाहिलं असणार, म्हणून हिलाही पाजलंत. चूक कुणाचीही होते. पण ती बायकोच्या माथी मारायची आणि मरेपर्यंत तिच्यावर पाहुण्यांना हसवायचं? लाज नव्हती वाटत तुम्हाला? जिन्याखाली उभी राहून मी तुमच्यावर इतकी चिडले की मेकॅनिकला वाटलं, मी त्याच्यावरच रागावले आहे.

नवी बॅटरी बसली. चारांच्या जागी एकच पेटी, वजनही अगदी कमी, आणि तिचा चार्जर वेगळा. चाक फिरलं तशी मी धावत वर गेले. आई भाजी निवडत होती. "नको मला ती स्कूटर," तिने मान वर न करताच सांगितलं. मला वाटलं, अजून घाबरते, अजून स्वतःलाच दोष देते. म्हणून मी टेप, स्क्रूड्रायव्हर, पाणी, सगळं सांगून टाकलं. "तू नाही बिघडवलीस गं. त्यांनीच बिघडवली."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "खिडकीतून बघत होते ना मी. तांब्याने ओतत होते."

"मग ओरडली का नाहीस?"

"रोज संध्याकाळी मागे बसवून न्यायचे. नीट बस, हलू नकोस, पदर सांभाळ, माझ्यामुळे हवा खायला मिळते बघ तुला. जाऊन-येऊन तेच. म्हटलं, ओता. बंद पडली तर सुटले."

"आणि इतकी वर्षं बोलणी खाल्लीस ती?"

"ती घरात बसून खाल्ली. पंख्याखाली." तिने हात पुसले. "आता तू मागे बसवणार असशील तर नको. एकटीने न्यायची असेल तर किल्ली दे."

तिने आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला सरळ फाटकाबाहेर गेली. वॉचमन "आजी, आजी" करत राहिला. परत आली ती कोथिंबीर घेऊन. घर विकायचं नाही, असं मी दादाला तिथूनच कळवलं.

बाबा, हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तुमच्यावरचा सगळा राग मी आईच्या वतीने जपून ठेवला होता, आणि तिला त्याची गरजच नव्हती. ती शेजारणीला हे सांगून पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. मला तुम्ही दिसलात, उकिडवे बसलेले, हातात तांब्या, आपण फार शहाणपणाचं काम करतोय अशा चेहऱ्याने, आणि वर खिडकीत कोण उभं आहे याचा पत्ता नसलेले. मला तुमची कीव आली. याच स्कूटरवरून मला क्लासला सोडायला न्यायचात तेव्हा तुमच्या पाठीला गाल टेकून बसायला मला फार आवडायचं. हे आईला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.