रडायचं काम

प्रिय मावशी,

माझा पीएचडीचा प्रबंध गेल्या महिन्यातच सादर झाला. तुला अजून सांगितलेलं नाही.

विषय तुला तोंडपाठ आहे: अनोळखी बाई रडताना दिसली, तर लोक काय करतात? वेटिंग रूममधली ती बाई तू झालीस, आणि मी काचेआडून बघायचे. खुर्चीत टेकलीस की तुझ्या डोळ्यांना धार! आमचे सर म्हणाले, "ह्यांनी नाटकात जायला हवं होतं." तू नाक पुसत म्हणालीस, "त्यात काय एवढं!"

नियमाप्रमाणे शेवटी मी प्रत्येकाला खरं सांगायचे, की ते रडणं खोटं होतं. लोक हसून सुटायचे. तुझा हात धरून बसलेली एक मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "ताई, त्या खरंच रडत होत्या." मी 'स्पष्टीकरण पटलं नाही' असा शेरा मारला आणि पुढच्याला आत बोलावलं.

त्याच्या वर्षभर आधी काका गेले, तेव्हा तू आल्यागेल्याला चहा विचारत होतीस. डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. मावशी किती खंबीर, असं आम्हीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "पुन्हा रडायचं काम निघालं तर सांग हं. मला जमतं ते."

मी पटकन म्हटलं, "अगं, एक खेप राहिलीय. रविवारी तुझ्याकडेच करू."

म्हणून हे पत्र टाकत नाही. रविवारी तुझ्या शेजारी मीच बसेन. शेवटी खरं सांगायचा नियम मात्र ह्या खेपेला पाळणार नाही.

तुझी,
भाची