सुमेधा तिथे राहते

क्रॉयडन,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. ताई,

तुला आणि मुरलीधररावांना माझा नमस्कार. अक्षयाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. फोनवर आधी पाहिली होती, पण पोस्टाने आलेली हातात घेऊन वाचण्याची गोष्ट निराळी. नातीचं लग्न बघायला मिळतंय, दोघंही भाग्यवान आहात. भावजी पथ्य पाळतात का? नसतील पाळत.

इकडे थंडी पडली. चार वाजता अंधार होतो. माझं कंबरेचं दुखणं तसंच आहे, हिपच्या ऑपरेशनसाठी वेटिंग लिस्टवर नाव आहे. ज्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल दिली, तिथेच आता नंबर लावून बसलोय. ट्रॅमने गावात जातो, लायब्ररीत पेपर चाळतो, येताना दूध आणतो. यंदा बागेत काही लावलं नाही. अनुया केंब्रिजला तिच्या कामात बुडालेली आहे. तुझी भावजय सुमेधाही ठीक आहे.

तुझे फोन येऊन गेले ते पाहिले. उचलले नाहीत, रागावू नकोस. तू पहिल्याच वाक्याला म्हणतेस, "सुमेधाला दे." म्हणून पत्र लिहायला बसलो. लग्नाला मी येतोय, तिकीट काढलंय. सुमेधाचं जमेलसं दिसत नाही. तिचं मलावीतलं काम लांबलंय.

हे लिहून चहा करायला उठलो होतो. परत येऊन वाचलं. काम लांबलंय हे खरं नाही, ताई. मे महिन्यापासून सगळ्यांना हेच सांगत आलोय, म्हणून सवयीने हातातून उतरलं.

तुला तिच्या कामाबद्दल नीट असं कधी सांगितलंच नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्च आहे, त्याच्या हॉलमध्ये एका छोट्या संस्थेचं ऑफिस आहे. हेदर नावाच्या निवृत्त शिक्षिका ती चालवतात. आफ्रिकेत, मलावीतल्या काही खेड्यांत ते लोक काम करतात. कुठे बोअर, कुठे बाळंतपणाची खोली, कुठे बायकांचे बचत गट. सुमेधाने दवाखान्यातलं डॉक्टरकीचं काम सोडलं तेव्हा हेदरनी तिला विचारलं, तिकडच्या सुइणींना शिकवायला याल का? आधी ती काही आठवड्यांसाठी जायची. मग महिन्यांसाठी. "चर्चच्या लोकांत जाते, तिला त्यांच्यातलीच करून घेतली तर?" असं तू तेव्हा विचारलं होतंस. तसं काही झालेलं नाही. रविवारी ती त्यांच्यात बसते, गाणी म्हणते. धर्माचं तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही काही सोडलेलं नाही. गणपतीत तिने तिथे तांदळाच्या पिठाचे मोदक करायचा प्रयत्न केला, सगळे फुटले.

यंदा फेब्रुवारीत गेली, ती मेमध्ये परतणार होती. त्या सुमारास तिचा फोन आला. म्हणाली, "राजीव, मी एवढ्यात येत नाहीये." मी म्हणालो, "बरं. बॉयलरवाला गुरुवारी येतोय, त्याला काय सांगायचं?" तिने काय सांगायचं ते सांगितलं. मी लिहून घेतलं. एवढंच बोलणं झालं.

मला वाटलं, एखादा महिना. मग जुलै उलटला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला लोकांनी विचारलं, मी म्हणालो ट्रेनिंग वाढलंय. गणपतीला म्हणालो, तिकडे डॉक्टरच नाही, तिला सोडत नाहीत. सांगता सांगता माझाच त्यावर विश्वास बसला आणि रागही यायला लागला. सत्तरीला टेकलेल्या बाईला दानधर्माच्या नावाखाली राबवून घेतात म्हणजे काय? दिवाळी झाली आणि एका सकाळी मी उठून चर्चच्या हॉलमध्ये गेलो. भांडायलाच गेलो होतो.

हेदर खुर्च्या मांडत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "तुम्ही माझ्या बायकोला परत कधी पाठवणार आहात?"

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. म्हणाल्या, "डॉक्टर, आमचं तिथलं काम मेमध्ये संपलं. सगळं गावाच्या कमिटीकडे दिलं. सुमेधाने तुम्हाला सांगितलं नाही?"

"संपलं म्हणजे? बंद केलंत?"

"बंद नाही. आता ते त्यांचं आहे. पंप बिघडला तर त्यांच्याच बायका दुरुस्त करतात. बाळंतपणाची खोली एस्नात नावाची त्यांची नर्स बघते. पहिल्या दिवसापासून आम्ही हेच ठरवलं होतं, की एक दिवस आपण तिथून निघायचं आणि निघालो हे कुणाच्या लक्षातही येऊ नये. सुमेधाचं परतीचं तिकीट आम्हीच काढलं होतं. ती आली नाही."

मग त्यांनी मला बसवलं आणि चहा दिला. एकही प्रश्न विचारला नाही. लोकांना वाईट बातमी देऊन झाल्यावर मीही असाच चहा मागवायचो, ते आठवलं. भांडण राहून गेलं. परत येताना कंबर इतकी दुखत होती की बसस्टॉपच्या बाकावर बसून राहिलो.

घरी येऊन तिला फोन लावला. लागेना. दुसऱ्या दिवशी लागला. तिथे एका उंचवट्यावर जाऊन उभं राहावं लागतं, तेव्हा नीट ऐकू येतं.

मी विचारलं, "काम संपलंय ना तिथलं?"

"हो. संपलं."

"मग तू करतेस काय तिथे?"

ती म्हणाली, "राहते."

ताई, मी तिच्यावर चिडलो नाही. का कोण जाणे, त्राणच नव्हतं. नुसतं म्हटलं, "सांग मला." आणि तिने सांगितलं. एस्नातच्या घरामागे एक खोली आहे, तिथे ती भाड्याने राहते. बोलावलं तरच दवाखान्यात जाते, एरवी एस्नातच्या कामात नाक खुपसत नाही. दारापुढे थोडी भाजी लावलीये. तिकडच्या बचत गटात ती आता साधी सभासद आहे. गटाच्या बैठकीत तिची बसायची जागा चटईच्या कडेला असते, कारण ती सगळ्यांत नवी.

मी म्हणालो, "म्हणजे त्यांना तुझी गरज नाही."

"नाही ना," ती म्हणाली. "तेच तर बरं वाटतं. जन्मभर ज्याने त्याने गरजेपुरतं बोलावलं, राजीव. दवाखान्यात, घरात, मंडळात. इथे सकाळी पाण्याला गेलं की जो भेटेल तो विचारतो, कशी उठलीस? त्यांच्यात तशी रीतच आहे, आधी ते विचारायचं, मग बाकीचं. उत्तर ऐकायला थांबतात. पहिल्यांदा मला काही उत्तरच सुचेना."

"मी त्रास दिला का तुला?"

"नाही रे. तू कधीच त्रास दिला नाहीस."

ती हे अगदी मायेने म्हणाली. तिच्यामागे कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या.

मग अनुयाला फोन केला. ती शनिवारी केंब्रिजहून गाडी घेऊन आली. मी सगळं सांगितलं. ती कोट न काढताच सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, मला माहीत होता. आई मला मेमध्येच सांगितली."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"मला वाटला, तू विचारशील. मी वेट करत होते. Every single week." तिचे डोळे भरले. "तू फक्त बॉयलरबद्दल बोलायचास."

तिचं मराठी असं आहे, पण त्या दिवशी त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत ती माझ्याजवळ बसली. आम्ही खिचडी केली. जाताना तिने मला मिठी मारली, ती जरा जास्त वेळ.

त्यानंतर सुमेधाला रोज फोन लावतो. रोज लागतोच असं नाही. लागला की आधी विचारतो, कशी उठलीस? पहिल्या दिवशी ती हसली. आता सांगते. कधी पाय सुजला होता म्हणून, कधी एस्नातकडे कुणा बाईला जुळी झाली म्हणून झोप झाली नाही. परवा तिनेही मला विचारलं. मी म्हणालो, दमलोय. ती म्हणाली, ते आवाजावरून बरेच महिने कळतंय.

लग्नाचं विचारलं मी तिला. अक्षयाला ती स्वतः फोन करणार आहे. येणार नाही म्हणाली. आली तर लोकांच्या प्रश्नांतून आणि आग्रहातून परत निघणं जड जाईल, असं तिला वाटतं. मला ते पटलं. तुला पटणार नाही, मी समजू शकतो. पण एवढं ऐक, तिला फोन करून समजावू नकोस. आणि लग्नात कुणी विचारलं तर काम आहे, तब्येत बरी नाही, असलं काही सांगू नकोस. ती तिथे राहते, एवढंच सांग. ते खरं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. सहा महिने लपवून मी पार थकलो.

शेवटी मीच तिला विचारलं, मी येऊ का? आधी तिने माझ्या कंबरेचं विचारलं. मग म्हणाली, "ये. पण मला न्यायला येऊ नकोस."

लग्नाहून परतलो की जानेवारीत जातोय. ऑपरेशनची तारीख आली तर पुढे ढकला म्हणून कळवलंय, डॉक्टरांना ते आवडलं नाही. किती दिवस राहीन, काय बोलेन, मला काहीच ठाऊक नाही. चटईवर बसता येईल का, हेही नाही. तिला घेऊन येईन अशी आशा तू धरू नकोस, मीही धरलेली नाही. धरलेली नाही असं लिहिलंय खरं.

सध्या इथे दोन माणसांचं घर मी एकटा गरम करतो. आज कितीतरी दिवसांनी ती झोपायची त्या बाजूची खिडकी उघडली.

आजवर पत्राखाली आम्हा दोघांची नावं मीच लिहीत आलो. या वेळी तिचं नाव तिला न विचारता घालत नाही.

तुझा,
राजीव