सूनबाईची घरभेट

कोल्हापूर, १४ ऑगस्ट १९९८

आज सूनबाईसोबत हातकणंगल्याला गेलतो. समाजकार्याच्या पदवीसाठी ती घरभेटी करते. तिथं एका आईनं मुलीची शाळा बंद केलेली. का, ते सांगेना. मला राहवेना, तिला बोलतं करायला शाळेतली कविताच म्हणू लागलो.

"मामंजी, गप्प बसा की जरा!"

मग सूनबाईही गप्प. किती वेळ! हे गप्प बसणं कॉलेजात शिकवतात?

शेवटी ती आईच रडत बोलली, "वाटंत पोरं छेडत्यात, ताई."

"उद्या झेंडावंदनाला मी येते तिच्यासंगं. मग हेडमास्तरांशी बोलू."

"मग धाडते की!"

परतताना एसटीत शेजारच्या पावण्याला उगीचच सांगितलं, सून एम.एस.डब्ल्यू. करते.

"म्हंजे काय करत्यात?"

"लोकांचं ऐकून घेती," म्हटलं. केवढ्या मोठ्यानं म्हटलं मी!