सुतात काढलेली पाटी

सावेडी, अहिल्यानगर

आदरणीय सहादूमामांस योगेशचा सादर जय भीम.

तुमचा गुडघा आणि तुमचा कॉम्प्युटर दोन्ही बरे असतील असं धरून चालतो, कारण दोघंही तुमचं ऐकत नाहीत अशी मामींची तक्रार असते. आम्ही मजेत. आई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आमच्याकडेच आहे. डोळा इतका सुधारलाय की माधुरीच्या स्वयंपाकघरातलं तिला आता सगळं दिसतं (त्यामुळे माधुरीची तब्येत मध्यम). फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

तर पाटीची हकीकत. गावी विहाराशेजारी आईनं दिलेल्या जागेवर अभ्यासिका उभी राहिली आणि कमिटीनं तिला आईचंच नाव द्यायचं ठरवलं, इथवर तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हापासून तुमची बहीण फुगून बसली होती हे ठाऊक नसेल. 'मला वाचाया येत न्हाई आन् माझ्या नावाची अभ्यासिका? एखाद्या पोरानं इचारलं, आजी, पाटीवर काय लिवलंय, तर काय सांगू? म्या न्हाई येनार.' झालं! जिच्या नावानं कार्यक्रम, तीच घरी. मी म्हटलं, पाटीच अशी झकास करू की बघायला तरी येईल. म्हणून चित्र तुमच्याकडून मागवलं. जन्मभर भोसरीला फिटर आणि रिटायर झाल्यावर हट्टानं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं कॅड शिकलेला मामा दुसऱ्या कोणाला आहे?

फाईल आली. तुमच्या सॉफ्टवेअरात मराठी फॉन्ट चालेना म्हणून तुम्ही आईच्या नावाचं एकेक अक्षर रेघा आणि कमानी जोडून काढलंय, हे बघून खरंच भरून आलं. मग मी ती दुकानातल्या सॉफ्टवेअरात (ज्यात आम्ही लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करतो) उघडली. त्यानं विचारलं, चित्रातलं एक म्हणजे किती? मी न वाचता ओके दाबलं, सगळे तेच करतात. पाटी मोबाईलएवढी आली! मग इंच निवडले, तर पाटी बत्तीस फुटांची. अभ्यासिकाच मुळी वीस फुटांची आहे. अहो, घोडेगावच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा सौदा करतात, तसं तुमचं ड्रॉइंग. आकडा हाताला लागतो, पण तो कशाचा हे बाहेरच्याला कळेल तर शपथ. शेवटी मिलिमीटर निवडले. स्क्रीनवर पाटी भरगच्च दिसली (स्क्रीनवर सगळंच भरगच्च दिसतं), म्हणून लेझर मशीन सुरू करून मी चहाला गेलो. परत येऊन बघतो तर चार फुटी प्लायच्या कोपऱ्यात सव्वा फुटाची पाटी. अक्षरं मात्र सुरेख कोरलेली.

नेमका तेव्हाच कमिटीचा सम्राट टपकला. म्हणे, पाटी अभ्यासिकेची की दप्तराची? वर, राहू द्या, आपण पुण्याहून करून आणू. माझं डोकंच फिरलं. माउसनं कोपरा धरून चित्र ताणलं, तर ते आडवंच पसरलं. धम्मचक्राचं अंडं झालं आणि आईचं नाव जेवून लवंडल्यासारखं दिसायला लागलं. तुम्हाला फोन करणार होतो, पण 'अरे फ्लेक्सवाल्या' हे ऐकायची तयारी नव्हती.

मग जरा शांत झालो आणि चित्रात अशी एक तरी गोष्ट शोधायला लागलो, जिचं खरं माप मला माहीत आहे. चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं होती. तुम्हीच बजावलं होतं, भोक दोन सुताचं ठेव. सॉफ्टवेअरात भोकाची रुंदी बघितली, तर दोन. दोन काय? दोन सूत! मामा, अख्खी दुनिया मिलिमीटरमध्ये काम करते आणि तुम्ही कॅडमध्येसुद्धा सूत धरून बसलात? इंचाचा आठवा हिस्सा! (चूक माझीच. ज्यानं माझी सोयरीक जमवताना माधुरीची उंची सुतात सांगितली, त्याचं माप मी ओळखायलाच हवं होतं.) एक म्हणजे ३.१७५ मिलिमीटर असं घातलं, लांबी-रुंदी एकमेकींना बांधून ठेवली म्हणजे चाक चाकच राहील, आणि पाटी बरोब्बर चार फूट! सम्राटनं स्वतः टेप लावून दोनदा मोजली. येत्या रविवारी लागेल.

आता त्या सव्वा फुटी पाटीचं ऐका. माधुरीनं ती गरम पातेलं ठेवायला घरी नेली होती, ती आईनं पळवली. रोज गॅलरीत मांडीवर घेऊन बसायची आणि कोरलेल्या खाचांमधून बोट फिरवायची. आम्हाला वाटलं, नवा डोळा तपासतेय. परवा माधुरीनं मला हाक मारली. परातीत कोरडं पीठ होतं आणि पिठावर बोटानं लिहिलं होतं, आक्काबाई. काना जरा लांबलाय, पण सगळं जागच्या जागी. मी बघतच राहिलो. आई म्हणाली, 'बघतो काय? आन् रविवारी कितीला निगायचं?' मामा, मला रडू आलं. माधुरीलाही आलं (ती म्हणते, पीठ डोळ्यात गेलं).

मामींना घेऊन नक्की या. गुडघ्याची सबब चालणार नाही.

तुमचा भाचा,
योगेश

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलंय. 'सहादू' एवढं एकच नाव तुमच्या हातानं, तुमच्याच सुतात काढून लगेच पाठवा. मी मुद्दाम मिलिमीटरच निवडणार आहे. चार फुटांचा भाऊ आईच्या मांडीवर मावायचा नाही.

ता. क. पाकीट फेकलं असेल तर आधी कचऱ्यातून काढा. तुमचं नाव त्यावर मीच घातलंय, कारण ते आईला अजून लिहिता येत नाही. पाठवणाऱ्याचं नाव मात्र माझ्या अक्षरात नाही. त्यात सूतभरही चूक काढू नका.